थोरलीची घंटा

२ मार्च, सोमवार

मी माझ्या दोन हातांनी केलेल्या वस्तू, कुणा इंजिनिअरची पायरी न चढता:

गोठ्याची दगडी भिंत. तीन बाजू माझ्या, चौथी कड्याची. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड.

दोन फाटके. पहिल्याची कडी शेळ्या जिभेने उघडायच्या, म्हणून दुसरे केले. त्याची कडी अजून एकीलाही उघडलेली नाही.

कातळात खोदलेली पाण्याची टाकी, झाकणासकट.

दूध काढायचा ओटा, माझ्या कमरेच्या मापाचा. दुसऱ्या कुणाच्या कमरेला बसत नाही, तो त्यांच्या कमरेचा दोष.

कड्यावरून उतरायची दोरी आणि तिची कप्पी.

प्रत्येकीची लाकडी गळपट्टी, वाफेवर वाकवलेली. अकरा घंटा.

हे आज का लिहितो आहे? कारण संवर्धन केंद्राच्या कागदात या सगळ्यापुढे दोनच शब्द आहेत — ‘तात्पुरते बांधकाम’. आणि किंमत शून्य! तात्पुरते! ती भिंत माझ्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. खालून समुद्र खारे वारे मारतो, वरून डोंगर दगड लोटतो, अजून एक चिरा हललेला नाही. यांच्या ऑफिसात मी गेलो होतो. कोपऱ्यात गळतीखाली बादली ठेवलेली होती. ते कायमचे बांधकाम!

त्यांना कळप हवा आहे. एकतीस शेळ्या, पिल्ले, आणि मुकादम बोकड. ही जात आता या एका डोंगरावर, या एका गोठ्यात उरली आहे, एवढे ते खरे बोलतात. पण ट्रकमध्ये भरून आत सपाटीवर नेणार म्हणे. पत्र्याखाली, पंख्याखाली, नळाचे गोडे पाणी. झाली जात वाचवून!

आकडा दिला आहे. तो मी इथे लिहिणार नाही. आकडा लिहिला की डोक्यात घर करतो, मग माणूस जेवता जेवता भागाकार करायला लागतो.

सही दोघांची लागते. वडिलांनी कळप दोघा भावांच्या नावावर ठेवला. धाकटा बंदरावर क्रेन चालवतो, सुट्टीच्या दिवशी शेळ्यांमागे येतो, पण कागदावर अर्धा मालक. वाचून म्हणाला, “दादा, विचार तरी करून बघ. तुझे गुडघे काय म्हणतायत ते ऐक.”

माझे गुडघे त्याच्याशी कधीपासून बोलायला लागले?

५ मार्च, गुरुवार

केंद्राच्या बाईंचा फोन. सोमवारी येणार. रक्त घेणार, मापे घेणार, फोटो काढणार.

“काका, फक्त नोंदणीसाठी हो. विकलंच पाहिजे असं नाही.”

मी हिचा काका केव्हा झालो? नाहीच म्हणणार होतो. पण ज्याची नोंद नाही ते जगात नाही, असा यांचा कायदा. म्हणून हो म्हटले. दात ओठ खाऊन.

यांना वाटते जात रक्तात असते. असेल. पण या शेळ्या ओहोटीला कडा उतरतात, खडकावरचे शेवाळ खातात आणि भरती चढायच्या आत वर येतात — ते कुठल्या रक्तात आहे? ते आई पिल्लाला शिकवते, पुढे चालून. आणि आयांच्या पुढे थोरली, कळपातली सगळ्यांत वयस्क शेळी. कड्याच्या मध्यावर वाट फुटते. उजवी अरुंद, ओबडधोबड, पण खडकापर्यंत नेते. डावी दिसायला रुंद, गवताची, आणि एका वळणापुढे संपते. एकदम. पुढे हवा. त्या वाटेला आम्ही ‘लबाड’ म्हणतो. थोरली जन्मात लबाडीवर गेलेली नाही. सपाटीवर नेऊन पंख्याखाली बांधा — दोन वेतांत उरतील नुसत्या केसाळ शेळ्या!

थोरलीच्या गळ्यात मोठी घंटा. फुटक्या जहाजाच्या पितळी झडपेतून मी घडवली. बाकीच्या दहा किणकिणतात, ही ढण् करते. ती थोरलीच्या गळ्यातून तिच्या जिवात जीव असेपर्यंत उतरत नाही. वडिलांचाही नियम तोच. धुक्यात कळपाला पुढचीची शेपटी दिसत नाही, तो या आवाजामागे जातो. मीसुद्धा. धुक्यात मी डोळे वापरतच नाही, कान वापरतो. कुणी येऊन परीक्षा घ्यावी.

गळपट्टीची खुंटी आधी दाबायची, अर्धी फिरवायची, मग ओढायची. आधी ओढली की आणखी घट्ट बसते. ही युक्तीही माझीच. तिघांना जमते — मला, धाकट्याला, आणि मुलगी लहानपणीच बघून बघून शिकली. बायकोला जमत नाही. म्हणते, “जमवलं की ते काम माझ्याच गळ्यात पडेल. मला घंटा नको.”

९ मार्च, सोमवार

आले. दोन गाड्या, पाच माणसे आणि फोटोवाल्याची एक भली मोठी पांढरी छत्री. छत्री उघडली मात्र, निम्म्या शेळ्या भिंतीवर! मनात म्हटले, शाबास.

फोटोवाल्याने थोरलीकडे बघून तोंड वाकडे केले. “ही कुणाला दाखवायची? एक शिंग, फाटका कान.”

“तुझ्या आजीला दाखव,” मी म्हटले. मुलगी तेवढी हसली. औषधांच्या दुकानातून रजा काढून मुद्दाम आली होती मदतीला.

बाईंबद्दल खरे लिहायचे तर त्यांना शेळी धरता येते. मान गुडघ्यांत, हात जबड्याखाली, सुई एकदाच. त्यांना म्हणून सांगितले नाही. आधीच नाकाने कांदे सोलतात.

मुकादम वरच्या टेपाडावर वेगळा बांधलेला. बाई, त्यांचा एक माणूस आणि मी वर गेलो. केंद्राचा माणूस म्हणाला, “दोन मिनिटांचं काम.” मुकादमला ते मान्य नव्हते. पहिली टक्कर माझ्या मांडीला. दुसरी त्यांच्या पेटीला. तिथेच दुपार गेली. खाली धाकटा एकेक शेळी धरून देत होता, मुलगी फोटोवाल्याच्या हाताशी. फोटोवाल्याने म्हणे नवरीला पसंत केले. नवरी म्हणजे गेल्या वर्षी जन्मलेली पाट, अजून न व्यालेली, पांढरे तोंड, लांब पापण्या, अक्कल शून्य. मुरडत उभी राहते म्हणून नवरी. पोस्टरवर हीच! अगदी बरोबर माणसाला अगदी बरोबर शेळी मिळाली.

मी लंगडत खाली आलो तेव्हा पसारा आवरत होता. खालच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला तशी मुलगी हातातले सगळे टाकून पळाली. “अगं, डबा!” म्हणून आई ओरडली. कुठला डबा नि काय. गेली.

संध्याकाळी शेळ्या धाकट्याने आत घेतल्या. मी मांडीला औषध चोळत बसलो होतो.

१० मार्च, मंगळवार

धुके. तीन गेल्या. उद्या लिहीन.

११ मार्च, बुधवार

लिहायलाच हवे.

काल धुके असे की माझीच कडी मला चाचपून उघडावी लागली. ढण् — घंटा माझ्या दुखऱ्या मांडीला घासून बाहेर. मागोमाग खुरे. रोजच्यासारखेच. मी काठी घेऊन मागे. वाट फुटते तिथे मी नेहमी थांबतो आणि ऐकतो. घंटा उजवीकडे उतरते, आवाज कातळाआड दबतो, मग मी पाऊल उचलतो.

काल तो दबला नाही. डावीकडे चालला. स्वच्छ, मोकळा, पुढे पुढे.

ओरडलो. माझ्या ओरडण्याने शेळी मागे फिरत नाही, घंटेने फिरते — आणि घंटाच तिकडे!

गुडघ्याला एक ओले नाक लागले. हात घातला. एक शिंग. फाटका कान. थोरली! वाटेच्या फुटीवर उभी, खांबासारखी. गळ्याशी हात नेला. गळा मोकळा. सहा-सातजणी तिला चिकटून उभ्या. बाकीच्या सगळ्या आवाजामागे गेलेल्या.

मग दगड घसरले. घंटा एकदम वेडीवाकडी वाजली. आणि खालून पाणी वाजले. पुन्हा वाजले. पुन्हा.

तपकिरी गेली, गाभण होती. खापरी गेली, सगळ्यांत दुधाळ. आणि एक पाट, जिचे नावही अजून ठरले नव्हते. बाकीच्या वळणाशी एकमेकींवर रेटून थबकल्या म्हणून वाचल्या. एकेकीला शिंगांना धरून मागे ओढली. कडेच्या खाली, ताटलीएवढ्या टप्प्यावर, नवरी. गळ्यात माझी घंटा!

दोरी सोडली, उतरलो. कप्पी करकरली पण धरली. तात्पुरते बांधकाम! नवरीला कमरेला बांधून वर काढले. मागचा पाय दुखावलाय. इतका संताप होता की वर आल्यावर तिला मारायला काठी उगारली. ती माझी बाही चघळत होती.

धाकटा दुपारी बंदरावरून आला. मी घंटा त्याच्यासमोर धरली.

“ही तू काढलीस?”

तो घंटेकडे बघत राहिला. बायको दारात.

“तोंड आहे ना? तू काढलीस?”

मग म्हणाला, “मी बघायला हवं होतं, दादा.”

झाले. आणखी काय कबुली पाहिजे! खुंटी तिघांना उघडते. मी वर मुकादमशी झुंजत होतो, मुलीचा प्रश्नच नाही. राहिला कोण?

आणि का, तेही मला कळते. ‘विचार तरी करून बघ.’ ‘गुडघ्यांचं ऐक.’ डोंगर धोक्याचा आहे हे दादाच्या डोक्यात शिरत नाही ना? मग दाखवू! मुद्दाम केले असेल असे म्हणवत नाही. मुद्दाम केले नसेल असेही म्हणवत नाही.

घंटा थोरलीच्या गळ्यात परत. खुंटीवर आणखी एक खिळा मारला. आता मलाही उघडणार नाही.

१२ मार्च, गुरुवार

केंद्रातून कारकुनाचा फोन. “एकतीसचे अठ्ठावीस झाले का हो? तेवढं फॉर्मवर दुरुस्त करून घेतो.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! फोन आपटला. आपटायला तो फोन माझा होता, हे नंतर लक्षात आले.

१४ मार्च, शनिवार

वाटणी. चौदा त्याच्या, चौदा माझ्या. त्याच्या शिंगांना निळा रंग, माझ्या शिंगांना काही नाही — माझ्यांना खूण लागत नाही. गोठ्यात मधोमध भिंत घालणार, तीच पुढे अंगणातून त्याच्या खोलीपर्यंत. त्याने आपल्या चौदा कुठेही न्याव्यात, पंख्याखाली, एअरकंडिशनमध्ये! थोरली अर्थातच माझ्याकडे.

“आणि जेवण?” बायकोने विचारले. तो आमच्यातच जेवतो. त्याला चूल मांडायची वेळ कधी आलीच नाही, बायको केलीच नाही त्याने.

“भिंतीच्या पलीकडे.”

“बरं,” ती म्हणाली. “मग भिंत माझ्या खांद्याएवढीच घाला. ताट द्यायला हात पोचला पाहिजे.”

या घरात माझ्या रागाला कुणी भीक घालत नाही.

१७ मार्च, मंगळवार

भिंत कमरेएवढी झाली. पाया खोल घेतला. राग आला म्हणून काम वाईट करायचे, हे आपल्याला जमत नाही.

आज एक विचित्र झाले. बसका, रुंद दगड हवा होता, शोधत मागे हात केला — दगड हातात आला. बघतो तर धाकटा. कामावरून आलेला, अंगावर बंदराचे तेल. मी दगड बसवला. त्याने दुसरा दिला. तोही बरोबर मापाचा. दिवस मावळेपर्यंत तो देत होता, मी घेत होतो. ज्याला पलीकडे टाकायचे त्याच्याच हातचे दगड! लाज कशी वाटत नाही याला? शेळीचे शेपूट, ना अब्रू झाकी ना माश्या हाकी.

तासभर तरी मलाही बरे वाटले, म्हणून आणखी राग आला.

मुलीचा फोन होता. बायकोशीच बोलली. त्या दिवसापासून रोज करते, रडते. तीन शेळ्यांसाठी एवढे कुणी रडते का? मऊ मनाची. माझ्यावर गेली नाही.

“विचारतेय, काकांवर बाबा अजून चिडलेत का,” बायको म्हणाली.

“सांग, भिंत छातीएवढी झाली की बघू.”

२२ मार्च, रविवार

वरच्या यादीत आणखी एक: गोठ्यामधली भिंत, छातीएवढी, सरळ, दोऱ्यात. काल संध्याकाळी शेवटचा दगड बसवला. निळ्या तिकडे, बिननिळ्या इकडे. फाटके बंद.

आज सकाळी उजाडताच पाहिले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस भिंतीच्या माथ्यावर! ओळीने. निळी, बिननिळी, निळी, बिननिळी. मधोमध थोरली, समुद्राकडे तोंड करून रवंथ करते आहे. लंगडी नवरी तिला खेटून.

अर्थात! कडे चढणारी जात. हिला भिंत म्हणजे बसायचा ओटा. जातीचा एवढा अभिमान मिरवणाऱ्याला हे आठवू नये!

बायको हसून हसून खाली बसली. “दूध काढायला शिडी आणू का हो?”

धाकटा पलीकडून बघत होता. त्याच्याही तोंडावर हसू फुटत होते. माझी नजर गेली तशी त्याने ते गिळले. हे मला जास्त लागले. पूर्वी तो माझ्यासमोर हसू गिळायचा नाही.

२५ मार्च, बुधवार

निळ्या चौदा बाहेर काढायचा प्रयत्न केला. फाटकापर्यंत आल्या, थोरलीची घंटा वाजली, परत. काठीने हाकल्या, परत. मी घडवलेली घंटा, माझ्यावरच उलटली.

वाटणी माणसांची झाली. शेळ्यांना कबूल नाही. ठीक आहे. कळप एक राहील, माणसे दोन राहतील.

२९ मार्च, रविवार

केंद्राच्या बाई स्वतः आल्या. एकट्या, पायी चढून. रक्ताचा निकाल घेऊन. जात शुद्ध आहे म्हणाल्या. त्यासाठी रक्त काढावे लागले! आणि आकडा वाढवला आहे. तोही मी लिहिणार नाही.

“काका, तीन गेल्या. मला वाईट वाटलं, खरंच. पण उद्या साथ आली, दरड आली तर? एकाच डोंगरावर सगळी जात. तुम्हाला भीती नाही वाटत?”

वाटते. रोज वाटते. पण तिला काय म्हणून सांगू?

“बाई,” मी म्हटले, “तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता. इथे उंट चढत नाही.”

त्या चिडल्या नाहीत. पाणी मागितले. भिंतीवरच्या शेळ्यांकडे बघत म्हणाल्या, “तुमचे भाऊ मात्र तुमच्यासारखेच. त्यांनी परवाच लेखी नकार पाठवला. म्हटलं, तुम्ही तर तयार होतात? तर म्हणाले, दादाला डोंगरावरून खाली आणायचा असेल तर आधी डोंगर खाली आणा.”

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

नकार? मग घंटा कशाला काढली? विकायचे नव्हते तर तीन जीव कशासाठी घालवले? नुसत्या निष्काळजीपणाने? ते तर आणखी वाईट! मतलबी माणसाचे निदान डोके तरी ठिकाणावर असते. नुसता गाफील! वडिलांचा नियम, माझी घंटा, गाभण शेळी — आणि हा गाफील!

बाई जाताना नवरीचा पाय बघून गेल्या. पट्टी सैल करा म्हणाल्या, रक्त अडतेय. बरोबर होते. मी घट्ट बांधली होती.

३ एप्रिल, शुक्रवार

मुलीने पार्सलने औषध पाठवले, नवरीच्या पायासाठी. चिठ्ठी नाही. पंचवीस दिवस झाले, घरी मात्र येत नाही. “सुट्टी नाही” म्हणे. त्या दिवशी फोटोवाल्यासाठी सुट्टी होती!

बायको म्हणाली, “तुम्ही घरात असे गुरगुरत बसलात तर कोण येईल?”

“मी पोरीवर कधी गुरगुरलो? तिच्यावर कधी आवाज तरी चढवलाय?”

“नाही ना. म्हणूनच,” ती म्हणाली आणि ताट घेऊन भिंतीकडे गेली.

म्हणूनच काय? या बायका अर्धे बोलतात आणि उरलेले आपण भरायचे.

६ एप्रिल, सोमवार

धुके. त्या दिवसानंतरचे चौथे. प्रत्येक वेळी फाटकात थोरलीचा गळा आधी हाताने बघतो, मग बाहेर सोडतो. कानांवर विसंबायचे दिवस गेले.

आज वाटेच्या फुटीशी थांबलो. घंटा उजवीकडे उतरली, दबली. देवाची कृपा म्हणून पाऊल उचलणार, तोच डावीकडे लबाडीच्या तोंडाशी कुणीतरी खोकले.

“कोण?”

काठी पुढे करून गेलो. काठी कुणाच्या तरी पोटाला लागली. धाकटा. दोन्ही हात पसरून, वाट अडवून उभा. अंगावर कामाचे कपडे, केसांतून पाणी गळतेय. मागे दोन ढांगांवर कडा संपतो.

“इथे काय करतोस?”

“काही नाही. पाळीला जायला वेळ आहे अजून.”

“किती दिवस?”

“धुकं असेल तेव्हा.”

म्हणजे चारही वेळा. मला न सांगता. मी कान लावून उभा असताना हा तिथे हात पसरून उभा होता आणि मला श्वासही ऐकू आला नाही!

राग आवरला नाही. “आता उभा राहतोस? तेव्हा कुठं होतास? तपकिरीच्या पोटात दोन होती, माहितेय? असं उभं राहून ती वर येणार आहेत?”

तो म्हणाला, “नाही.”

“मग?”

“मग काही नाही, दादा. तू ओरड. ओरडलास की मला बरं वाटतं.”

हे कसले उत्तर? असल्या माणसाशी भांडताही येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तो हात पसरून तसाच उभा राहिला आणि मी उजवीकडच्या वाटेने उतरलो. खडकावर पोचेपर्यंत मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. शेवटच्या टप्प्यावर शिव्या संपल्या. त्याच त्याच परत वापरल्या.

नवरी आज पहिल्यांदा खडकापर्यंत आली. लंगडत, थोरलीच्या शेपटीला नाक लावून. फुटीशी तिने डावीकडे बघितलेसुद्धा नाही.

९ एप्रिल, गुरुवार

लबाडीच्या तोंडाला दगडी आडभिंत घालायला घेतली. पुरुषभर उंच, वरचे दगड बाहेर झुकलेले, म्हणजे या जातीलाही चढता येणार नाही. हे काम वीस वर्षांपूर्वीच करायला हवे होते. धुक्यात पुन्हा तिथे कुणाला खोकत उभे राहायला नको.

दगड द्यायला माणूस नव्हता. त्याची दिवसपाळी. काम निम्मेच झाले.

१२ एप्रिल, रविवार

मुलगी आली. आत आली नाही, अंगणात उभ्यानेच बोलली. घंटा तिने काढली होती. फोटोवाल्याला ती नवरीच्या गळ्यात हवी होती. बसचा हॉर्न वाजला आणि परत घालायची राहिली. काढताना धाकट्याने पाहिले होते. घातली असेल, असे धरून चालला. शेळ्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला फोनवर सांगणार होती, त्याने सांगू दिले नाही. तिला म्हणाला, “माझ्यावर चिडायची दादाला सवय आहे. तुझ्यावर चिडला तर तो जगेल कुणाकडे बघून?”

तो भिंतीपलीकडेच होता. खोकलासुद्धा नाही.

केंद्राचा आकडा मी इथे लिहिला नाही, लिहिणारही नाही. हा लिहून ठेवतो. तीन शेळ्यांची भरपाई म्हणून पोरीने आपली सगळी शिल्लक माझ्या ओट्यावर ठेवली. मी घेतली नाही. अठ्ठेचाळीस हजार सहाशे.